बिवलकरबाईंची टिटवी

शरयू बिवलकरबद्दल भरभरून बोलणारी माणसं कोलकात्यात पुष्कळ भेटतील. आमच्या मराठी मंडळातल्या बायका बोलतील, तिच्या बँकेतले लोक बोलतील, गार्डन रीचला नदीकाठी होड्या दुरुस्त करणारे मंडलबाबू तर चहा मागवून बोलतील. माझ्याकडून मात्र कौतुकाची अपेक्षा कोणी ठेवू नये. मी तिला काही वर्षं फार जवळून पाहिलं आणि त्यातला बराचसा काळ माझा नुसता जळफळाट होत होता. आता ती इथे नाही, बाबाही नाहीत, मग जळून तरी काय मिळवायचं, असं मी आपलं स्वतःला समजावते. तरी तिची आठवण निघाली की आधी तोच जुना जळफळाट येतो आणि बाकीचं सगळं त्याच्यामागून.

ती पहिल्यांदा दिसली ती मंडळाच्या गणपतीत. बदली होऊन आलेली मराठी माणसं इथे गणपतीतच सापडतात. ही मंडळी काय विचारणार हे आम्हाला पाठ असतं: कामाला बाई मिळेल का, शाळा कुठली चांगली, गोडा मसाला कुठे मिळतो. ही बाई पँट आणि पुरुषी शर्ट घालून आलेली, पन्नाशीची, प्रसादाची वाटी हातात घेऊन उभ्यानेच खात होती. तिने विचारलं, इथे कोणाच्या ओळखीचा भरवशाचा क्रेनवाला आहे का? तिची शिडाची होडी मुंबईहून यायची होती, रस्त्याने, ट्रेलरवर लादून. डोलकाठी, सुकाणू, खालचा वजनाचा भाग, सगळं सुटं करून. इथे आणून ती परत जोडायची होती आणि त्यासाठी तिला क्रेन लागणार होती.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले. अध्यक्षांचं भाषण चालू होतं म्हणून त्यांनी कानातलं यंत्र बंद करून ठेवलेलं. शरयूने बोलता बोलता हाताने हवेत क्रेन काढून दाखवली आणि ती बघून बाबांनी यंत्र चालू केलं. मी त्यांच्या शेजारीच बसले होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं.

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही दातार, कोलकात्यातले जुने. बाबांचा जन्म इथलाच. गार्डन रीचला जहाजं बांधतात तिथे त्यांनी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात काढली. मी त्यांची एकुलती एक. शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, खिदिरपूरच्या घरात आम्ही दोघंच. लहानपणी नवं जहाज पाण्यात सोडायचा दिवस आला की मी त्यांच्यामागे भुणभुण लावायची, मला न्या, मला न्या. बाबा म्हणायचे, तिथे मुलींचं काय काम, तेल, ग्रीस, आरडाओरडा. संध्याकाळी येताना संदेश मिठाईचा डबा आणायचे. मला संदेश अजूनही आवडत नाही.

आणि ही कोण कुठली बिवलकर, रेवदंड्याकडची, बँकेतली अधिकारी. आठवड्याच्या आत बाबा तिला अगं-तुगं करू लागले. मी तिला शेवटपर्यंत बिवलकरबाई म्हणत राहिले, निदान तिच्या माघारी.

होडी आली ती कालीपूजेनंतर. मंडलबाबूंच्या आवारात ट्रेलर शिरला तेव्हा बाबा सकाळपासून जाऊन बसले होते. मी शाळा सुटल्यावर पोचले. होडी म्हणजे काय, तर लाकडाच्या ठोकळ्यांवर टेकवलेलं एक पांढरं, पोट उघडं पडलेलं धूड, बाजूला ताडपत्रीत गुंडाळलेली लांबच लांब डोलकाठी, आणि गोणपाटांच्या पिशव्यांत तारा, कड्या, बोल्ट. पुढच्या टोकाला नाव रंगवलेलं: टिटवी. बाबांना ते पसंत नव्हतं. टिटवी ओरडणं बरं नव्हे, असं त्यांनी तिला बजावलं. ती म्हणाली, ओरडू दे की काका, तेवढीच मी जागी राहीन. बाबा हसले. असं उत्तर मी दिलं असतं तर तासभर अबोला धरला असता त्यांनी.

सुट्या केलेल्या एकेका वस्तूला साडीच्या काठाची पट्टी बांधलेली होती. तिच्या आईच्या जुन्या साड्या. डाव्या अंगाच्या वस्तूंना लाल काठ, उजव्या अंगाच्या वस्तूंना हिरवा, आणि कुठली वस्तू कितव्या जागेची ते पट्टीला मारलेल्या गाठींवरून ओळखायचं. कागदाच्या चिठ्ठ्या पावसात जातात, साडी जात नाही, असं तिचं म्हणणं. मंडलबाबूंना ते इतकं आवडलं की त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं. ते तिला ‘बर्गी दीदी’ म्हणायचे. बर्गी म्हणजे पूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार; इथे मराठी माणसाला चेष्टेने बर्गी म्हणायची पद्धत फार जुनी, आम्ही ती तीन पिढ्या ऐकतोय आणि तीन पिढ्या नाक मुरडतोय. तिला पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती खूश होऊन म्हणाली, बरोबर, लुटायलाच आलेय, चहा आणा. तिचं बंगाली ऐकून कानात बोटं घालावीत, तरी त्या आवारातल्या सुतारापासून कुत्र्यापर्यंत सगळे तिचंच ऐकायचे. माझं बंगाली जन्माचं, स्वच्छ. मला चहा दुसऱ्या फेरीत यायचा.

तिच्या सवयी सांगायच्या तर, ती कधी बसून जेवली नाही. पर्समध्ये पाना आणि लिपस्टिक एकत्र. बँकेतून परस्पर आवारात यायची, शर्टाच्या बाह्या दुमडायची आणि होडीच्या पोटाखाली शिरायची. काही बिघडलं, अडलं, तुटलं की एकच शब्द: ‘होतंय.’ बोल्ट गंजून बसला, होतंय. क्रेनवाला आलाच नाही, होतंय. तिच्या नवऱ्याचं काय झालं हे मंडळातल्या बायकांनी आडून आडून विचारलं, तेव्हा म्हणाली, त्याला बोट लागायची. एवढ्यावर तो विषय संपला. बायका तिच्यावर चिडायच्या आणि तिला घरी जेवायलाही बोलवायच्या.

बाबांसाठी तिने आवारात एक वेताची खुर्ची आणून ठेवली होती, होडीच्या सावलीत, नदीकडे तोंड करून. ती रोज रिक्षा पाठवून त्यांना बोलावून घ्यायची. बाबा तिला काय काय सांगायचे, तार किती ताणायची, वजन कुठे आलं की होडी कशी झुकते. ती ऐकायची आणि मधूनच म्हणायची, काका, हे मला पटत नाही. मग दोघं वाद घालायचे. बाबांशी वाद! आमच्या घरात बाबा बोलले की संपलं, हा नियम. मला तर माहीतच नव्हतं की त्यांना वाद आवडतो. घरी परतले की ताटावर बसून तेच, शरयू असं म्हणाली, शरयूचा हात बघ कसा चालतो. एकदा मी ताट जरा जोरातच आपटलं. बाबा म्हणाले, भाजी आळणी झालीय का? मी म्हटलं, नाही, सगळं ठीक आहे.

आता डब्यांची गोष्ट.

थंडीच्या दिवसांत बाबांनी हट्टच धरला की बोल्ट साफ करायचं काम घरी द्या. शरयूने गोणी आणून दिली आणि ती कामासाठी काही दिवस मुंबईला गेली. बाबा बाल्कनीत घासलेटची परात घेऊन बसले. एकेक बोल्ट लखलखीत केला. घासताना त्या पट्ट्या मध्ये यायच्या, तेलकट, काळ्या झालेल्या. बाबांनी त्या सोडल्या, धुतल्या, घडी करून ठेवल्या. मग रसगुल्ल्याचे रिकामे डबे घेतले आणि सगळे बोल्ट, वायसर, कड्या मापाप्रमाणे लावून टाकल्या. लहान, मध्यम, मोठे. वर कागद चिकटवून त्यांच्या त्या छापील वाटणाऱ्या अक्षरात मापं लिहिली. बाबांचं सगळं आयुष्य मोठ्या कारखान्यात गेलेलं. तिथे एका मापाचे सगळे बोल्ट सारखे, कुठलाही उचला, कुठेही लावा. शरयूची होडी हाताने बांधलेली, जुनी, प्रत्येक भोक आपल्या मर्जीचं, आणि वर्षानुवर्षं त्या त्या भोकात झिजून तो तो बोल्ट त्याचा झालेला. हे बाबांच्या डोक्यातच आलं नाही. मलाही तेव्हा कळलं नाही. मी आपली डब्यांचं कौतुक करत होते.

ती परत आली त्या संध्याकाळी बाबांनी डबे टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते. मुलाने चित्र काढून ठेवावं तसे. तिने पहिल्या डब्याचं झाकण काढलं, दुसऱ्याचं काढलं. मी चहा घेऊन येत होते, मला तिचा चेहरा दिसला. रंग उडाला होता. क्षणभरच. मग ती बाबांकडे वळली.

‘काका, काय सुंदर लावलंत हो. माझ्या हातून जन्मात झालं नसतं.’

बाबांनी यंत्र नीट बसवल्यासारखं करून तिला ते परत म्हणायला लावलं. तिने परत म्हटलं, तितक्याच प्रेमाने. घडी केलेल्या पट्ट्याही तिने घेतल्या, वा, धुतल्यासुद्धा, असं म्हणत.

मी तिला जिन्याने खाली सोडायला गेले. खालच्या वळणावर ती कठडा धरून उभी राहिली आणि मला सगळं सांगितलं. एकेक बोल्ट एकेका भोकात घालून बघायला लागणार होता. क्रेन ठरलेली, उन्हाळ्यातली काळबैसाखीची वादळं सुरू व्हायच्या आत होडी पाण्यात जायला हवी होती. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आठवडाभर काकांना घरी ठेव, काहीही सांग, त्यांच्यासमोर मला हे करता येणार नाही. मी विचारलं, त्यांना सांगून का टाकत नाही? ती म्हणाली, ‘कशाला? होतंय.’

मी वर आले आणि बाबांकडे बघितलं. ते परात धूत होते, गुणगुणत. माझी काही वस्तू त्यांनी अशी विस्कटली असती तर मी घर डोक्यावर घेतलं असतं, बाबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं, असं म्हटलं असतं, आणि ते गप्प होऊन खोलीत गेले असते. असं किती वेळा झालंय आमच्याकडे. माझ्या बापाशी असं वागायला ह्या परक्या बाईला जमतं आणि मला जमत नाही, ह्याने माझी जी आग झाली, ती पान्याने आणि क्रेनने कधी झाली नव्हती. त्या रात्री मला चांगुलपणाचाच राग आला.

तरी मी सांगितल्याप्रमाणे केलं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलंय, थंडी बाधेल, आठवडाभर बाहेर नाही. बाबा एका शब्दाने वाद न घालता पलंगावर पडले. मी शाळेतून रजा घेतली. म्हटलं, चला, निदान आठवडाभर तरी माझे. मऊ भात केला, पेपर वाचून दाखवला, पत्ते काढले. बाबा पत्ते टाकायचे आणि रिक्षाचा आवाज आला की मान खिडकीकडे. माझा जीव नुसता तडफडायचा.

असेच एका दुपारी पत्ते खेळता खेळता ते थांबले. म्हणाले, ‘अनू, मला काही झालेलं नाही, हे मला कळतं.’

मी काहीबाही बोलायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं आणि उशीखालून एक पट्टी काढली. लाल काठाची, चार गाठींची. घडीतली ही एक त्यांच्याकडेच राहिली होती. ती बोटांवर गुंडाळत ते बोलले. दुसऱ्यांना खुणा करायला शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली आणि मीच खुणा सोडून टाकल्या, म्हणाले. पोरीने झाकण उघडलं तेव्हाच मला तिच्या तोंडावर दिसलं. ती आता तिथे बसून माझी चूक निस्तरतेय. निस्तरू दे. मी गेलो तर तिला लाज वाटेल, मला वाटेल त्याहून जास्त.

मी म्हटलं, बाबा, मी तिला सांगते ना की तुम्हाला कळलंय, तिचं ओझं तरी उतरेल. ते एकदम म्हणाले, ‘अजिबात नाही. तिने माझ्यासाठी केलंय, ते तिला पुरं करू दे. हे आपल्या दोघांत राहू दे.’

आपल्या दोघांत. बाबांनी मला इतक्या वर्षांत शिस्त दिली, शिक्षण दिलं, घर दिलं. गुपित पहिल्यांदाच दिलं. मी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्या कपाटात ठेवली. नंतरचा डाव मी मुद्दाम हरले नाही, जिंकले. बाबा चिडले आणि म्हणाले, पत्ते नीट पिसले नव्हतेस.

होडी वेळेवर पाण्यात गेली. क्रेनने डोलकाठी उभी केली तेव्हा शरयूने तिच्याखाली बाबांच्या हातून एक सुपारी ठेववली. तिच्याकडे तशी पद्धत. सगळ्या तारा जागच्या जागी बसल्या होत्या. बाबांनी काठीने एकेका बोल्टकडे दाखवत डब्यांतल्या मापांची आठवण काढली आणि ती म्हणाली, तुमच्या डब्यांमुळेच झालं काका. बाबांनी गंभीरपणे मान हलवली. दोघांतलं अधिक चांगलं नाटक कोणाचं, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ते बघणारी तिथे मी एकटीच होते.

पहिल्या फेरीला ती आम्हा दोघांना घेऊन गेली. धोतरावर नारिंगी जाकीट चढवून बाबा सुकाणूशी बसले. भरतीचं पाणी, वारा बेताचा. मी डोलकाठीला घट्ट धरून, मळमळत. कारखान्यासमोरून जाताना बाबांनी मला हाक मारली आणि धक्क्याकडे बोट केलं. ‘ते बघ, अनू. तिथून उतरायची.’ एकेका जहाजाचं नाव सांगायला लागले, कुठलं कसं घसरलं, कुठलं अडकलं, कोण रडलं. मी सगळं बघितलं. माझी लहानपणापासूनची हौस पुरी झाली, आणि ती पुरी कोणी केली, तर हिने. शिडाच्या दोऱ्या ओढत ती आमच्याकडे पाठ करून उभी होती, जाणूनबुजून, हेही मला समजत होतं. तेव्हा सरळ आभार मानले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडून निघालं, किती हलतेय ही तुझी होडी. ती म्हणाली, होडीच आहे ती.

पुढे दोन हिवाळे बाबा त्या होडीवर जात राहिले. मग गेले, घरीच, दुपारच्या झोपेत. शरयू आली ती बँकेच्या कपड्यांतच आली आणि दारातच हमसून हमसून रडायला लागली. मी रडत नव्हते, मला तसं येत नाही. येणारी माणसं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. शेजारच्या नव्या भाडेकरीण बाईंनी तिलाच विचारलं, तुम्हीच का मुलगी? तिने माझ्याकडे बोट केलं आणि आणखीच रडायला लागली. मी सगळ्यांना चहा केला.

वर्षभराने तिची बदली झाली, कोचीला. टिटवी परत सुटी करायची होती. मी होऊन गेले मदतीला, तिने बोलावलं नव्हतं. तिच्या आईच्या पट्ट्या आता कुजत आल्या होत्या, तेव्हा मी घरून आईच्या साड्या नेल्या, काठ फाडून दिले. आम्ही दोघी होडीच्या सावलीत बसून गाठी मारत होतो. वेताची खुर्ची तशीच होती, तिच्यात कोणी बसलं नाही. एकदा तिने विचारलं, ते रसगुल्ल्याचे डबे अजून आहेत का, असतील तर देशील? दुसऱ्या दिवशी नेऊन दिले, बाबांच्या अक्षरांसकट. तिने ते ट्रकमध्ये मागे टाकले नाहीत, ड्रायव्हरशेजारी आपल्या सीटपुढे पायाशी ठेवले.

ट्रक निघायच्या वेळी मंडलबाबू डोळे पुसत उभे. ती वर चढली, दार ओढून घेतलं, आणि खिडकीतून वाकून हळूच म्हणाली, ‘अनुराधा, एक विचारू? काकांना ते बोल्टचं कधी कळलं नव्हतं ना?’

तिच्या डोळ्यांत भीती होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला घाबरलेलं पाहत होते. खरं सांगितलं असतं तर बाबांचा मोठेपणा तिला कळला असता, तिच्या आठवणीतले बाबा आणखी मोठे झाले असते. ते सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘कधीच नाही.’

तिने सुस्कारा सोडला, होतंय म्हटल्यासारखी मान हलवली, आणि ट्रक फाटकातून बाहेर पडला. ताडपत्रीतून डोलकाठीचं टोक बाहेर आलेलं, त्याला माझ्या आईच्या साडीचा हिरवा काठ बांधलेला. मेटियाबुरूजच्या वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत मी उभी राहिले. साड्या दिल्या, डबे दिले. चार गाठींची लाल पट्टी माझ्या कपाटात आहे, आणि ती दुपारही. ते बाबा माझे.